शिकायला बाहेर जाणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपचा विमा काढावा का?

निळीशाई

मुलगी पुढच्या महिन्यात शिकायला बाहेर जाते आहे, विद्यापीठाच्याच वसतिगृहात राहणार. लॅपटॉप नवा घेतला. तिला डिझाइनची जड सॉफ्टवेअर्स चालवायची असल्यामुळे बराच महाग पडला आणि निदान अभ्यासक्रम संपेपर्यंत तो टिकायला हवा. बिल करताना विक्रेत्याने विम्याचा कागद पुढे सरकवला. 'सगळं कव्हर होतं' म्हणाला. सगळं म्हणजे नेमकं काय, ते मात्र त्याला सांगता येईना, म्हणून तेव्हा घेतला नाही. अजून थोडे दिवस मुदत आहे.

घरात एकमत नाही. नवऱ्याचं म्हणणं, पोरगी वस्तू जपून वापरते, विम्याचे पैसे वाया जातील. माझं म्हणणं, तिच्या जपण्याचा आणि चोरीचा काय संबंध? खोली एकटीची नसणार, वाचनालयात तासन्‌तास बसणं होणार, सुट्टीला येता-जाताना प्रवास होणार. ऐन सबमिशनच्या तोंडावर लॅपटॉप गेला तर लगोलग दुसरा घेऊन देणं आम्हाला जड जाईल, हे उघड आहे.

तर वेगळा विमा काढावा का? घराचा विमा आहे, त्यात हा बसतो का? आणि काढायचाच तर अटींमध्ये काय बघायचं? ज्यांनी क्लेम केलाय त्यांचे अनुभव जरूर लिहा, पैसे मिळाले असोत वा नसोत.

पायवाट

कंपनीची वॉरंटी असतेच ना? वर पैसे भरून ती वाढवताही येते. आम्ही मुलाच्या लॅपटॉपला तेच केलं. वेगळ्या विम्याची गरज वाटली नाही.

तांब्याची_तार

पायवाट, यात एक गल्लत आहे आणि ती घेऊन रोज कोणी ना कोणी माझ्या टेबलापाशी येतं. मी लॅपटॉप दुरुस्ती करतो.

वॉरंटी म्हणजे वस्तूत मुळातच दोष निघाला तर तो कंपनी निस्तरणार. वाढवलेली वॉरंटी म्हणजे तेच वचन आणखी काही वर्षं. पडला, पाणी सांडलं, कोणाचा पाय पडला, चोरीला गेला, यातलं काहीच त्यात येत नाही. अपघाती नुकसानीचं संरक्षण म्हणून कंपन्या वेगळी योजना विकतात. त्यात पडणं-सांडणं येतं, पण चोरी बहुतेक वेळा येत नाही. चोरी, आग, पूर यांच्यासाठी असतो तो विमा. विकताना मात्र या तिन्ही गोष्टींना सर्रास 'प्रोटेक्शन प्लॅन' म्हटलं जातं, म्हणून निळीशाईंना दुकानात नीट उत्तर मिळालं नसावं.

विद्यार्थ्यांचे लॅपटॉप माझ्याकडे येतात ते मुख्यतः दोन कारणांनी: काहीतरी सांडलं, नाहीतर बिजागरी मोडली. सांडलेलं ओळखायला वेळ लागत नाही. मागचं झाकण काढलं की चार्जिंगच्या सॉकेटजवळ हिरवट-पांढरी पुटं चढलेली दिसतात. बऱ्याच मॉडेलांत आत बारीक पांढरे ठिपके चिकटवलेले असतात, ओल लागली की ते लाल होतात. तेव्हा 'आपोआपच बंद पडला' असं सांगून वॉरंटीत बसवायला कोणी जाऊ नये. सर्व्हिस सेंटरवाला आधी तो ठिपकाच बघतो.

बिजागरीचं दुखणं निराळं. ती हळूहळू घट्ट होत जाते, मग झाकण उघडताना प्लॅस्टिकमधले स्क्रू उपटून येतात. हा अपघात नाही, झीज आहे. आणि झीज ना वॉरंटीत, ना विम्यात. मुलीला झाकण एका कोपऱ्याला धरून न उघडता मधोमध धरून उघडायची सवय लावा. ही सवय कुठल्याही विम्यापेक्षा जास्त कामाला येईल.

पायवाट

धन्यवाद, तार. आता आमचे कागद काढून बघते. पडण्या-सांडण्याचं त्यात काही नसावं असं वाटतंय.

हिशेबी

मी नवऱ्याच्या बाजूने. कारण मात्र मुलगी जपून वापरते हे नाही.

समजण्यापुरते आकडे घेऊ. लॅपटॉपची किंमत १०० धरा. वर्षाचा प्रीमियम ७. चार वर्षांचे झाले २८. तिसऱ्या वर्षी लॅपटॉप चोरीला गेला. घसारा, म्हणजे वापरामुळे उतरलेली किंमत, वजा करून कंपनी त्याची किंमत ५० धरते. त्यातून डिडक्टिबलचे, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः सोसायच्या रकमेचे, १० गेले. हातात ४०. म्हणजे तोवरचे २१ भरून ४० मिळाले, तेही चोरी झालीच तर. नाही झाली तर २८ गेले ते गेले. पहिल्याच वर्षी काही झालं तर विमा फायद्याचा, शेवटच्या वर्षी जवळजवळ निरर्थक.

विमा कंपनी सगळ्यांकडून जेवढं गोळा करते त्यातूनच क्लेम देते, कार्यालय चालवते, विक्रेत्याचं कमिशन भागवते आणि नफाही काढते. म्हणून सरासरी ग्राहकाला भरल्यापेक्षा कमीच परत मिळणार. यात फसवाफसवी काही नाही, धंद्याची रचनाच तशी आहे. ज्या नुकसानीने घर कोलमडेल तिचा विमा काढावा. जे नुकसान दोन महिने हात आखडून भरून निघतं, त्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे वेगळ्या खात्यात टाकावेत. काही झालं नाही तर पदवीनंतर त्यातूनच नवा लॅपटॉप येईल.

खोली_क्रमांक_नऊ

हिशेबीकाका, हिशेब पटला, पण पहिल्या वर्षाचं काय? खात्यात दोनच हप्ते पडलेत आणि लॅपटॉप गेला, तर त्या खात्याचा काय उपयोग? आणि मुलं नवीन असतात तीही पहिल्याच वर्षी. कोण कुठल्या खोलीत राहतं ते माहीत नसतं, अनोळखी माणूस मजल्यावर फिरताना दिसला तर कोणाचा तरी भाऊ असेल असं वाटतं. आमच्या मजल्यावरचा लॅपटॉप असाच गेला, पहिल्या सत्रात. दार नुसतं लोटलेलं होतं, मुलगी दोन खोल्या पलीकडे नोट्स आणायला गेली होती.

हिशेबी

मुद्दा बरोबर आहे. पहिल्या वर्षापुरता विमा आणि त्यानंतर स्वतःचं खातं, असं करता येईल. तेव्हा लॅपटॉपची किंमतही उतरलेली असते आणि खातंही भरलेलं असतं. माझ्या मूळ मतात एवढा बदल मला मान्य आहे.

सरळरेष

मी विम्याचे दावे तपासण्याचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. खोली_क्रमांक_नऊ, तुमच्या मजल्यावरच्या त्या मुलीकडे विमा असता तरी तिचा दावा बहुतेक पॉलिसींत नाकारला गेला असता. तो का, हे समजलं की निळीशाईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळेल.

चोरीच्या कलमात बहुधा 'जबरदस्तीने प्रवेश' अशी अट असते. कुलूप तोडलेलं, कडी उचकटलेली, खिडकीची जाळी कापलेली, असं काहीतरी दिसायला हवं. लोटलेल्या दारातून कोणी आत आलं आणि वस्तू उचलून गेलं, तर रोजच्या भाषेत ती चोरीच, पण त्या कलमात ती बसत नाही. एकाच घरात अनेक माणसं राहतात तिथे तर खोलीचं स्वतंत्र कुलूप तुटल्याची खूण मागतात. इमारतीचं मुख्य दार बंद होतं म्हणून भागत नाही.

दुसरी अट 'लक्ष न ठेवता सोडलेली वस्तू'. वाचनालयात टेबलावर लॅपटॉप उघडा ठेवून पाणी प्यायला गेलं, शेजारच्याला 'जरा बघ' म्हणून सांगितलं, तरी बऱ्याच पॉलिसींच्या लेखी ती वस्तू वाऱ्यावर सोडलेली. गाडीत ठेवलेल्या लॅपटॉपसाठी वेगळी ओळ असते: दिसणार नाही असा, डिकीत, गाडी कुलूपबंद.

तिसरी, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात: 'हरवणं' आणि 'चोरी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठे गेला ते सांगता येत नाही, बस बॅगेत नव्हता, अशा नाहीसं होण्याला अनेक पॉलिसी पैसे देत नाहीत. घाबरलेला विद्यार्थी पोलिसांकडे 'हरवला' म्हणून नोंदवतो आणि आमच्या फॉर्मवर 'चोरीला गेला' लिहितो. दोन कागदांत दोन गोष्टी आल्या की तपासणाऱ्याला पुढे जाता येत नाही. मुलांना एवढंच सांगा की जे झालं ते जसंच्या तसं, दोन्हीकडे एकसारखं लिहायचं, आणि त्याच दिवशी. क्लेम कळवण्याची मुदत बऱ्याचदा फार तोकडी असते.

आता घराचा विमा. काही घरविम्यांत शिकायला बाहेर गेलेल्या मुलांच्या वस्तू धरतात, काहींत फक्त त्या घराच्या चार भिंतींच्या आतल्या. जिथे धरतात तिथेही घराबाहेरच्या वस्तूंसाठी मर्यादा असते, उदाहरणार्थ एकूण विमा रकमेच्या १० टक्के, आणि एका वस्तूपुरती आणखी वेगळी मर्यादा असू शकते. डिडक्टिबल घराच्या हिशेबाने ठरवलेलं असतं, म्हणजे मोठं. कधीकधी ते लॅपटॉपच्या किमतीच्या जवळ जातं, मग क्लेम करण्यात काही हशील उरत नाही. म्हणून आधी ती पॉलिसी बाहेर काढा आणि 'तात्पुरत्या बाहेर नेलेल्या वस्तू' किंवा 'घराबाहेरील वस्तू' असं काही आहे का ते शोधा. नसेल तर जादा प्रीमियम भरून लॅपटॉप त्यात नावानिशी नोंदवता येतो का ते विचारा. वेगळ्या पॉलिसीपेक्षा हे अनेकदा स्वस्त पडतं.

निळीशाई

सरळरेष, मनापासून आभार. लोटलेल्या दाराचं वाचून अंगावर काटा आला. मुलीला हे सगळं वाचून दाखवलं. आजच घरविम्याचे कागद शोधते.

टेकडीवरून

म्हणजे आता लॅपटॉप पण रोज सगळ्या तासांना बसणार, कुठे एकटा राहायचं नाही म्हटल्यावर. हजेरीत त्याचा नंबर मालकिणीच्या वर जाईल :)

खोली_क्रमांक_नऊ

:) पदवी त्यालाच मिळेल.

केबलवाली

केबल लॉकबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? लॅपटॉपच्या कडेला ७ बाय ३ मिलिमीटरची एक छोटी खाच असते, केन्सिंग्टन स्लॉट म्हणतात तिला. पोलादी केबल टेबलाच्या पायाला गुंडाळून तिचं कुलूप त्या खाचेत बसवायचं. मोठी कात्री घेऊन आलेल्याला ती थांबवू शकत नाही, पण येता-जाता उचलणाऱ्याला थांबवते, आणि वसतिगृहात भीती त्याचीच जास्त. हल्लीच्या पातळ मॉडेलांत ही खाच नसते किंवा लहान असते, तेव्हा लॉक घेण्याआधी बघून घ्या.

सरळरेष

केबलवाली, विम्याच्या बाजूनेही हे महत्त्वाचं आहे. कापलेली केबल हा जबरदस्तीचा पुरावा होऊ शकतो. सगळ्याच कंपन्या तो धरतील असं नाही, पण तपासणाऱ्याच्या हातात दाखवण्यासारखं काहीतरी येतं. कापलेली केबल फेकू नका, फोटो काढा आणि जपून ठेवा.

उन्हाळी_सुट्टी

माझा क्लेमचा अनुभव, धागाकर्तीने मागितला म्हणून. मुलाच्या लॅपटॉपवर मित्राच्या हातून पाण्याची बाटली उपडी झाली. अपघाती नुकसान घेतलेलं होतं. कंपनीने तीन गोष्टी मागितल्या: खरेदीचं बिल, सिरीयल नंबर आणि नुकसानीचे फोटो. बिल मिळालं, फोटो काढले, पण सिरीयल नंबरवर गाडी अडली. खालच्या बाजूचा स्टिकर घासून पुसट झालेला आणि मशीन सुरूच होईना. शेवटी मूळ खोक्यावरच्या लेबलवर नंबर मिळाला, खोकं घरी माळ्यावर होतं. भरपाई मिळाली, पण मनात होती तशी नाही. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या फार जवळ गेल्यामुळे त्यांनी दुरुस्ती न करता त्याच ताकदीचा, नूतनीकरण केलेला लॅपटॉप दिला. चालतो छान. पण 'नव्याच्या बदल्यात नवा' असं आम्ही मनात धरलं होतं, ते त्या पॉलिसीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तांब्याची_तार

सिरीयल नंबर बायोसमध्येही, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्येही, असतो, पण ते मशीन चालू असेल तेव्हाच. म्हणून नवा लॅपटॉप हातात आला की स्टिकरचा, बिलाचा आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो काढून आईवडिलांच्या फोनमध्ये ठेवावा. मुलाच्या त्याच लॅपटॉपमध्ये नको!

आणि सांडलंच तर लगेच चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून मशीन पूर्ण बंद करा, उघडं ठेवून पालथं घाला. परत चालू करून बघायचा मोह होतो, तो टाळा. मशीन बंद दिसलं तरी आत बॅटरी जोडलेली असते, बोर्डावर काही ठिकाणी विजेचा दाब असतो, आणि ओल अधिक वीज म्हटलं की तांबं गंजायला लागतं. म्हणून लवकर उघडून बॅटरी सोडवणं महत्त्वाचं. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, ओल आणखी आत जाते. गोड पेय सांडलं असेल तर नुसतं वाळवून भागत नाही, साखरेचा थर मागे राहतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा लागतो. पण विमा असेल तर आधी कंपनीला कळवा. परवानगीशिवाय बाहेर उघडलेलं मशीन ते नाकारू शकतात.

नवखी_वाचक

'नव्याच्या बदल्यात नवा' म्हणजे काय? आणि विमा रक्कम कमी लावून प्रीमियम वाचवला तर? आमच्या एजंटने तसं सुचवलं होतं.

सरळरेष

विम्याचं मूळ तत्त्व भरपाईचं. नुकसान होण्याआधी तुम्ही जिथे होता तिथवर आणून सोडायचं, त्याच्या पुढे नाही. म्हणून तीन वर्षं वापरलेल्या लॅपटॉपला तीन वर्षं वापरलेल्या लॅपटॉपचीच किंमत मिळते. 'नव्याच्या बदल्यात नवा' हा या तत्त्वाला दिलेला अपवाद. त्यात घसारा कापत नाहीत. प्रीमियम जास्त असतो आणि बऱ्याचदा वस्तू अमुक वर्षांहून जुनी नसावी अशी अट असते. हिशेबींच्या गणितात घसाऱ्यानेच मोठा घास घेतला होता, तेव्हा तुलना करताना हा एक शब्द आधी बघा.

विमा रक्कम कमी लावण्याचा सल्ला मात्र मुळीच ऐकू नका. लॅपटॉपची किंमत १०० आणि तुम्ही विमा काढला ६० चा. स्क्रीन फुटली, खर्च ३०. तुम्हाला वाटेल, ३० तर ६० च्या आत आहेत, मिळतील. पण सरासरीचं कलम असेल तर कंपनी म्हणते, तुम्ही जोखमीचा ६० टक्के भागच आमच्यावर टाकला होता, म्हणून ३० चे ६० टक्के, म्हणजे १८. त्यातून डिडक्टिबलचे १० गेले की हातात ८. दुसऱ्या टोकाला, दोन कंपन्यांकडे विमा काढून दोन्हीकडून पूर्ण पैसे घेता येत नाहीत. त्या दोघी मिळून नुकसान वाटून घेतात.

जुनी_पानं

सरासरीचं कलम सागरी विम्यातून आलं आहे. थोडं अवांतर, पण विषयाशी जोडलेलं. 'सगळं खरं सांगा' या अटीमागेही एक जुना खटला आहे. सुमात्रा बेटावरच्या बेन्कूलेन इथल्या फोर्ट मार्लबरो किल्ल्याचा गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने परकीय शत्रूने किल्ला घेतला तर भरपाई मिळावी म्हणून लंडनमध्ये विमा उतरवला. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा चार्ल्स बोम म्हणाला, किल्ला किती कमकुवत आहे आणि हल्ल्याची किती शक्यता आहे ते मला सांगितलंच नाही. १७६६ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी निकाल दिला. ग्राहकाने महत्त्वाची माहिती दडवता कामा नये हे तत्त्व त्यांनी ठामपणे मांडलं, पण निकाल कार्टरच्या बाजूने दिला, कारण जे विमा देणाऱ्याला माहीत होतं किंवा सहज कळण्यासारखं होतं ते सांगितलं नाही म्हणून त्याला पाय मागे घेता येणार नाही. सद्‌भावनेचं बंधन दोन्ही बाजूंना आहे, असं त्यांचं म्हणणं.

लॅपटॉपपुरतं सांगायचं तर विमा घेतानाच स्पष्ट लिहा की वस्तू वसतिगृहात, इतरांबरोबरच्या खोलीत राहणार आहे. हे माहीत असूनही पॉलिसी दिली, तर पुढे 'आम्हाला ठाऊक नव्हतं' म्हणायला कंपनीला जागा उरत नाही.

टेकडीवरून

वा! किल्ल्याचाही विमा असायचा हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

उंबरठ्यापलीकडे

मी एका वसतिगृहाची व्यवस्था बघायचे, काही वर्षं. माझा अनुभव सांगते. चोऱ्या रात्री नाही, भरदुपारी होतात, आणि सत्राच्या सुरुवातीला व शेवटाला जास्त, कारण तेव्हा सामान घेऊन ये-जा करणाऱ्याकडे कोणी संशयाने बघत नाही. सुट्टीत खोलीत लॅपटॉप ठेवून जाणारी मुलं असतात. त्यांना आम्ही परोपरीने सांगायचो की बरोबर न्या, नाहीतर कार्यालयात पावती घेऊन ठेवा. एक आणखी: खोली रिकामी राहिल्याचे दिवस अमुकपेक्षा जास्त झाले तर चोरीचं संरक्षण थांबतं, असं काही पॉलिसींत असतं. लांबलचक सुट्टी नेमकी त्यात सापडते.

आणि मुलींनो, खोलीचं कुलूप विद्यार्थिनीने स्वतः आणायचं असेल तर ते चांगलं आणा. महागड्या लॅपटॉपवर पहारा ठेवणारी कुलपं मी बघितली आहेत, केसांच्या पिनेने उघडणारी.

हिशेबी

इतकं सगळं वाचल्यावर एक गोष्ट राहिली असं वाटतंय. लॅपटॉपचे पैसे मिळतील, पण त्यातल्या कामाचे? प्रबंधाचा मसुदा, चित्रं, दोन वर्षांच्या नोट्स. त्याची किंमत कुठली कंपनी देते?

सरळरेष

साध्या पॉलिसीत कोणीही नाही. उपकरणाची किंमत मिळते, त्यातल्या माहितीची नाही. फार तर डेटा परत मिळवण्याच्या खर्चापोटी थोडी रक्कम, तीही एखाद्याच पॉलिसीत.

तांब्याची_तार

आणि परत मिळवणंही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. आधी हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की झालं. आता अनेक पातळ मॉडेलांत साठवणूक बोर्डावरच सोल्डर केलेली असते, बोर्ड गेला की बहुतेक सगळं गेलं. माझ्यासमोर अशी मुलं बसतात, परवा सबमिशन आहे म्हणून डोळ्यांत पाणी. मशीनचं काही का होईना, फाइल तेवढी काढून द्या म्हणतात. नाही म्हणताना फार जड जातं हो.

म्हणून: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. आणि क्लाउडशी जुळवून ठेवलेलं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर चुकून पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते. जुन्या आवृत्त्या काही काळ परत मिळतात, कायमच्या नाही. एक बाहेरची डिस्क घ्या, ती लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. बॅगेसकट गेली तर दोन्ही गेलं.

केबलवाली

यात एन्क्रिप्शन पण जोडा, म्हणजे पासवर्डशिवाय डिस्कवरचं काही वाचता येत नाही. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, मॅकवर फाइलव्हॉल्ट. लॅपटॉप चोरीला गेला तर निदान आतले फोटो, पासवर्ड, कागदपत्रं कोणाच्या हाती लागत नाहीत. क्लेमचे पैसे पूर्ण मिळाल्यावर लॅपटॉप सापडला तर त्यावर हक्क विमा कंपनीचा असतो ना, सरळरेष? म्हणजे तो पुढे कोणाकडेही जाऊ शकतो.

सरळरेष

हो, अगदी बरोबर. सापडलेली वस्तू कंपनीची होते. त्या दृष्टीनेही एन्क्रिप्शन हवंच.

तांब्याची_तार

फक्त रिकव्हरी की, म्हणजे अडलेलं एन्क्रिप्शन उघडायचा आकडा, बाजूला लिहून ठेवा. बिटलॉकरची ४८ अंकी असते. विम्यातून मदरबोर्ड बदलून मिळाला की मशीन सुरू होताना हटकून ती मागतं, आणि लॅपटॉपवाला माझ्याकडे बघतो. माझ्याकडे कुठून असणार? मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असू शकते, तिथे आधी बघा. हरवलेलं मशीन शोधायची 'फाइंड माय' सुविधाही पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा, चोरीनंतर ती चालू करता येत नाही. मॅक गेला असेल तर तो आपल्या खात्यातून काढून टाकू नका. काढला की चोराला नव्याने सुरू करून वापरता येतो.

निळीशाई

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. घरविम्याची पॉलिसी सापडली. घराबाहेरच्या वस्तू धरल्या आहेत, पण 'तात्पुरत्या' नेलेल्या, सलग ६० दिवसांपर्यंत. सत्र त्याहून मोठं असतं, म्हणजे उपयोग नाही. कंपनीला फोन केला. जादा प्रीमियममध्ये लॅपटॉप नावानिशी नोंदवता येतो, अपघाती नुकसानीसकट, आणि डिडक्टिबल घराच्या मानाने बरंच कमी. घसारा पहिल्या वर्षी नाही, नंतर लागतो. वसतिगृहाच्या खोलीबद्दल विचारलं तर म्हणाले, कुलूप तुटल्याची खूण लागेल.

दुकानातल्या योजनेचा कागदही मागवून वाचला. 'सगळं' म्हणजे पडणं आणि सांडणं. चोरीचं नावही नाही. ती घेत नाही.

सध्या विचार असा आहे: पहिल्या वर्षापुरता घरविम्यात नोंदवायचा, आणि हिशेबी म्हणतात तसं खातं आत्तापासून सुरू करायचं. नवऱ्यालाही हे पटलं. वसतिगृहाचा उल्लेख लेखी करून ईमेल पाठवली आहे, जुनी_पानं यांचे आभार. एक शंका उरली. ती सुट्टीला विमानाने येईल. प्रवासात हा विमा चालतो का?

सरळरेष

अगदी योग्य केलंत. फोनवर जे सांगितलं ते सगळं त्यांच्याकडूनही ईमेलवर लिहून घ्या, विशेषतः घसाऱ्याचं. प्रवासात चालतो का हे 'भौगोलिक मर्यादा' या ओळीत असतं, त्यात देशांतर्गत की जगभर ते बघा. आणि एक अट जवळजवळ सगळीकडे सापडेल: चेक-इन केलेल्या सामानातला लॅपटॉप धरत नाहीत.

उन्हाळी_सुट्टी

तसाही तो चेक-इन बॅगेत टाकूच नये, लिथियम बॅटरी असते. लॅपटॉप हातातल्या सामानात घ्यायचा. सुटी बॅटरी आणि पॉवर बँक तर फक्त केबिनमध्येच चालते, १०० वॅट-तासांपर्यंत विमान कंपनीला न विचारता. पॉवर बँकेवर मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात; त्यांना १००० ने भागून व्होल्टने गुणलं की वॅट-तास मिळतात. २०००० मिलिअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट असेल तर ७४, म्हणजे चालते.

खोली_क्रमांक_नऊ

काकू, तपासणीच्या रांगेत लॅपटॉप ट्रेमध्ये काढून ठेवायला सांगतात, तिथे तिला सांभाळायला सांगा. आपण अजून मागे असतो आणि ट्रे पुढे गेलेला असतो. एकसारखे दिसणारे दोन लॅपटॉप असले तर अदलाबदलही होते. झाकणावर ओळखीचं स्टिकर लावायचं. आणि ती कुठल्या वर्षाला, कुठल्या विषयाला जाते आहे? मी पण डिझाइनलाच आहे, जड सॉफ्टवेअरच्या बॅकअपबद्दल काही विचारायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.